किरिगुआहून, आपल्या जुन्या वादाविषयी

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याची बोच आहेच. प्रकृती ठीक, रक्तदाब आटोक्यात. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण वसतिगृहाच्या गच्चीवर ज्या वादापायी आपण तीन दिवस अबोला धरला होता, तो काल पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला.

एक गादी नसेल तर एक संस्कृती टिकत नाही, असे तू म्हणायचास आणि मी मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची नगरराज्ये पुढे करायचो. टिकाल, कालाक्मुल, पालेंके, कोपान यांचे राजे वेगळे आणि टिकाल-कालाक्मुलचे वैर तर पिढीजात. तरी लिपी एक, २६० दिवसांचे पंचांग एक, चेंडूचा खेळ एक. कोपानच्या ७३१ सालच्या शिळेवर या चारही नगरांची नावे एकत्र कोरलेली आहेत, हे मी तुला किती वेळा ऐकवले असेल!

काल ग्वातेमालातल्या किरिगुआला, तशाच एका माया नगराचे अवशेष पाहायला गेलो. केळीच्या बागा ओलांडल्या की छपराखाली तो वालुकाश्माचा स्तंभ दिसतो. जमिनीतला भाग धरून साडेदहा मीटर उंच, वर्ष ७७१. त्यावरच्या राजाच्या हनुवटीवर लहानशी दाढी आहे, आणि मी तिच्याकडेच बराच वेळ पाहत राहिलो. याला गादीवर बसवले ते कोपानच्या राजाच्या देखरेखीखाली, आणि ७३८ मध्ये याने त्याच राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला. पुढे स्वतंत्र झाल्यावर त्याने शिळा उभारल्या त्या कोपानच्याच धर्तीच्या, त्याच लिपीत, त्याच कालगणनेत, फक्त अधिक उंच. कोपाननेही दोन हजारांहून अधिक चिन्हे कोरलेल्या आपल्या जिन्यावर त्या राजाचा मृत्यू नोंदवला, पण युद्धात आलेले मरण म्हणून.

सुधाकर, मला हेच छळते आहे. संस्कृती एक म्हणजे मनेही जुळलेली, असे मी आयुष्यभर धरून चाललो आणि वर्गातही तेच शिकवले. इथे तर ज्याचा अपमान करायचा त्याला तो अक्षर न् अक्षर वाचता यावा, यासाठीच ती एकच लिपी कामी आलेली दिसते. तू जिंकलास असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एकछत्री सत्ता नसतानाही ती लिपी शतकानुशतके टिकलीच.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीच्या बदलीचे काय झाले? परवा कोपानला जाणार आहे. तो जिना पाहण्याआधी तुझे म्हणणे हाती यावे, म्हणून या वेळी टपालाची वाट न पाहता फोन कर.

तुझा,
वसंत