आपणही बेटावरचेच

ठाणे (पश्चिम), २ ऑगस्ट

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी माल्टाहून फोनवर तू "कंटाळले, येते मी परत" म्हणालीस आणि मी "ये की!" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर आईने मला फैलावर घेतलं. "पोरगी मन मोकळं करत होती, आणि तुम्ही लगेच तिची खोली झाडायला निघालात!" तिचं खरं आहे. (झाडू हातात घेतला होता, हेही खरं.) तेव्हा फोनवर जे धड बोलता आलं नाही ते कागदावर लिहितोय. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकीन. पोस्टाने पाठवून तुझ्या तक्रारींच्या यादीत आणखी एक भर नको.

तुझ्या तिथल्या रहिवासी कार्डाचं काय ते आधी. नूतनीकरणाचा अर्ज तू वेळेत दिलास, पावती हातात आहे, आणि त्या पावतीवर वाटेत विमान बदलता येईल का हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणजे यंदा १४ सप्टेंबरला गणपती बसेल तेव्हा तू इथे नसणार. मला वाईट वाटलंय, लपवत नाही. पण त्या खिडकीवरच्या माणसाशी भांडू नकोस. एकतीस वर्षं सरकारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय मी. आवाज चढवणाऱ्याची फाईल आपोआप खाली जाते, मुद्दाम कोणी काही करत नाही.

बाकी तुझ्या तक्रारी ऐकताना मला गेल्या ऑगस्टमधले आपले तीन आठवडे आठवत होते. आठवतं, रिकाम्या बाटल्यांची ती पिशवी? नळाचं पाणी मचूळ, म्हणून विकतचं आणायचं, सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे जिना चढवायचे, आणि मग त्याच रिकाम्या बाटल्या घेऊन बाटलीमागे १० सेंट परत मिळवायला त्या मशीनसमोर रांग लावायची. आपल्या चोवीस बाटल्या होत्या. पुढे सात माणसं, डोक्यावर ऊन. आपला नंबर आला आणि मशीनने 'भरलंय' असा लाल दिवा लावला. तू रडकुंडीला आलीस. मी मनात हिशेब करत होतो, दोन युरो चाळीस सेंट म्हणजे अडीचशेच्या आसपास. आपल्या रद्दीवाल्याची किंमत मला त्या दिवशी कळली. घरी येतो, काटा मारतो, पण जिना तोच उतरतो.

आणि ती 'मेला'! पहिल्याच दिवशी बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर दर वाक्याला "मेला, मेला" म्हणत होत्या. मला वाटलं, नवऱ्याचा उद्धार चाललाय. मग तू सांगितलंस, माल्टीजमध्ये त्याचा अर्थ आपल्या 'मग'सारखा. मग काय, मग तर, मग सांगते, सगळ्याला एकच मेला. आई अजून हा किस्सा सोसायटीत सांगते आणि प्रत्येक वेळी त्या बाईंच्या नवऱ्याला थोडं जास्त मारते.

आता फटाके. सकाळी आठला तोफ उडाल्यासारखा बार, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, तेही तिथल्या पंधरा ऑगस्टच्या उत्सवाच्या कितीतरी दिवस आधीपासून. तुला रात्रपाळीनंतर झोप मिळत नाही, हे वाईटच. पण तू काय म्हणालीस ते मी नीट ऐकलं. "आमच्या मोस्ट्यात यंदा फारच चाललंय," असं म्हणालीस, तू राहतेस त्या गावाला 'आमचं' म्हणालीस. तीन वर्षांपूर्वी, २०२३च्या जुलैत उन्हाने जमिनीखालच्या केबल जळून बेटभर वीज जात होती, तू गच्चीवर झोपत होतीस, तेव्हा 'यांच्याकडे' म्हणायचीस. 'यांच्याकडे' कधी गळून पडलं, तुला तरी कळलं का?

ती पंधरा ऑगस्टची रात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही सकाळी झेंडावंदन करणारी माणसं, आणि तिथे सांता मारियाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती खांद्यावर घेऊन निघाले होते. रस्त्यावर किरमिजी पडदे, बाल्कनीतून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस, पुढे ब्रास बँड. खांदेकरी एका लयीत झुलत होते, अगदी आपले पालखीचे भोई. एकाच्या मानेवरून घाम ओघळत कॉलरमध्ये जात होता, पण हात सोडून पुसायची सोय नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने पुढे होऊन आपल्या रुमालाने तो पुसला आणि रुमाल परत खिशात घातला. नौपाड्यातल्या आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत मी हे शंभर वेळा पाहिलंय. त्याच म्हाताऱ्याने मग मला दुसऱ्या महायुद्धातलं, १९४२ सालचं सांगितलं. एप्रिलच्या ९ तारखेला बॉम्ब या चर्चचा घुमट फोडून आत पडला, आत माणसं प्रार्थनेला बसलेली, आणि तो फुटलाच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेटावर अन्न आणि तेल संपत आलेलं असताना चौदा मालवाहू जहाजं निघाली, पाच पोचली, आणि 'ओहायो' हे तेलाचं जहाज बुडता बुडता बंदरात आलं ते नेमकं पंधरा ऑगस्टला. तेव्हा हे लोक बार उडवणारच. मी दोन्ही कानांत बोटं घालून त्यांना पाठिंबा दिला.

एका गावात दोन-दोन बँड क्लब आणि त्यांची आपसांत चुरस, हे ऐकून तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. वर्गणी, कमान कोणाची उंच, कोणाचा बँड आधी, सगळं तेच! तू तीन वर्षांत एकदाही त्या क्लबात पाऊल टाकलं नाहीस. का? काचेच्या ग्लासात दुधाचा चहा मिळतो तिथे, कटिंगच्या जवळ जाणारा. मी गेलो होतो, तू ऑफिसात होतीस. कुणी नाव विचारलं नाही, फक्त खुर्च्या उचलायला बोलावलं. सोबत खजूर भरलेली ती तळलेली बडीशेपेच्या वासाची करंजी दिली. इमारेत म्हणतात, मला 'इमारत'च ऐकू येतं. तू जा. खुर्च्या उचल. सकाळचा बार तरीही तितकाच मोठा वाजेल, पण निदान तो उडवणाऱ्याला शिव्या तोंडावर घालता येतील.

"एवढंसं बेट, बाबा, सत्तावीस किलोमीटरमध्ये संपतं," असं तू नेहमी म्हणतेस. खरंय. १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती ३४ किलोमीटर. ती तुमच्याकडे सोडली असती तर समुद्रात गेली असती. (तुमची होती ती एकुलती एक रेल्वेसुद्धा १९३१ला बंद झाली. माझ्यासारख्या सात बावन्नच्या माणसाचं तिथे अवघडच.) पण तूही बेटावरच वाढलीस, हे विसरतेस. ठाणं साष्टी बेटावर आहे. एकीकडे खाडी, वर उल्हास नदीचं पाणी, वसईची खाडी. १७३७ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं ते हेच. कळव्याच्या पुलावरून गाडी खडखडत गेली की आपण बेट सोडतो, फक्त कोणी मान वर करून बघत नाही. फरक पाण्याचा. आपल्याकडे गावभर तलाव, तुमच्याकडे नदी नाही, तळं नाही, नळाला येतं त्यातलं बरंचसं समुद्राचं पाणी गोडं केलेलं. तुझ्या किटलीतला तो पांढरा खर मी लिंबाने घासून काढला होता. आता पुन्हा बसला असेल. व्हिनेगर घालून उकळ, लिंबं वाया घालवू नकोस.

परत यायचं की नाही, ते तू ठरव. माझं "ये की" मी मागे घेतो. कार्ड हातात आलं की महिनाभर ये, तेव्हा बोलू. ऑगस्टच्या उकाड्यात, झोप न झालेल्या माणसाने असं काही ठरवू नये.

गणपतीचं सामान आईने तुमच्या ग्रुपमधल्या त्या पुण्याच्या मुलीबरोबर द्यायचं ठरवलंय, ती २५ला निघतेय. मोदकाचं पीठ दोन किलो, शाडूची मूर्ती सहा इंची, कापूस भरून. मूर्ती केबिन बॅगेतच हवी, तिला बजावून सांग. विसर्जन गेल्या वर्षीसारखं बादलीत कर. हसू नकोस, इथे आपलाही कृत्रिम तलावातच जातो.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज पावासाठी दोरीने टोपली खाली सोडतात ना, आपल्या जुन्या चाळीत तुझी आजी भाजीसाठी सोडायची तशी, त्या टोपलीत चतुर्थीला दोन मोदक ठेव. डबा घट्ट झाकणाचा दे. मागच्या वेळी शिऱ्याचं झाकण दुसऱ्या मजल्यापाशीच उडालं होतं.

तुझे,
बाबा