पाच नंबरला पत्र

वॉल्थम,
२३ जून २०२५

प्रिय पाच,

सप्रेम नमस्कार. पावणेदोन वर्षं झाली तुला नीट चार ओळी लिहून. १ ऑक्टोबर २०२३ ला वेकफिल्ड वारला, बॉस्टनच्या आपल्या बेसबॉल संघाचा, रेड सॉक्सचा, त्या दिवशी तुझा मेसेज आला होता. त्यात एकच आकडा होता, त्याच्या जर्सीवरचा ४९. मी उत्तर दिलं नाही. सत्तावन्न हे काय जायचं वय आहे? लिहायला घ्यायचो आणि घसा भरून यायचा. मग उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली आणि त्या लाजेपायी आणखी उशीर होत गेला. तू त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीस, हे जास्त लागलं. माझं बीपी गोळीवर आहे, हिची मान दुखते, बाकी सगळे ठीक.

आज लिहितोय कारण आमच्या घरात २००४ परत घडलंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपल्या संघानं ११ नंबरच्या डेव्हर्सला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तिकडच्या पेपरात आलं नसेल, म्हणून सांगतो. गेल्याच्या गेल्या रविवारी, १५ तारखेला, इथे फादर्स डे होता. फेनवेवर, आपल्या घरच्या मैदानावर, यांकीजना सलग तिसऱ्या दिवशी हरवलं, २-० ने, आणि त्यातला एक होम रन ११ चा. आमचा छोटा सोफ्यावर उभा राहून नाचत होता. यंदा तो अकरा वर्षांचा झाला, तेव्हा एप्रिलपासून एकच पालुपद, 'ह्या वर्षी मी आणि डेव्हर्स सारखेच.' संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि हिच्या फोनवर बातमी आली. डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. त्याच दिवशी, होम रन मारून झाल्यावर!

भांडण तसं हिवाळ्यापासूनच धुमसत होतं. फेब्रुवारीत ब्रेगमनला आणलं आणि ह्याची थर्ड बेसवरची फील्डिंगची जागा त्याला दिली. ह्याला सांगितलं, तू आता फक्त बॅटिंग कर. आधी रुसला, मग तयार झाला. मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या कसासचा गुडघा गेला तेव्हा म्हणाले, फर्स्ट बेसवर उभा राहा. हा म्हणाला, नाही. दहा वर्षांचा, ३१ कोटी डॉलर्सच्या वरचा करार, त्यातलं दुसरंच वर्ष चालू होतं. माझं मत विचारशील तर चूक दोघांचीही आहे, पण ज्याच्या हातून जागा काढून घेतली त्याच्याशी बोलायची रीत असते, ती पाळली गेली नाही.

पण हे मला आज सुचतंय. त्या रात्री छोट्याला मी काय सांगितलं असेल? तो ताटावरून उठला. मी मागोमाग गेलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, 'अरे, संघापुढे एक माणूस म्हणजे काय?'

पाच, शब्द न् शब्द तोच. ३१ जुलै २००४. मूडी स्ट्रीटवरचं आपलं स्वयंपाकघर, कुकरची तिसरी शिट्टी, आणि तू ओट्याला टेकून उभा. तुझ्या लाडक्या नोमारला, ५ नंबरला, शिकागोच्या संघाकडे धाडल्याची बातमी लागली होती आणि तुझ्या हातातला झारा तसाच हवेत राहिला होता. मी हेच वाक्य म्हणालो होतो. तू माझ्याकडे जसं पाहिलंस, अगदी तसंच त्या दिवशी छोट्यानं पाहिलं. मला एकवीस वर्षं लागली ती नजर ओळखायला.

तेव्हा तू किती दिवस बोलत नव्हतास? आपल्या खोलीतला चोवीस म्हणतो एक आठवडा, पंचेचाळीस म्हणतो दहा दिवस. मला एवढंच आठवतं की तू वरण करायचास ते चौघांचं, पण वाढायचास तिघांना. माझं मी घ्यायचो. आणि ते वरण, लेका, रागात केलेलंही गोडच व्हायचं, कारण तू मिठाच्या जागी साखर घालायचास. वहिनींना विचार अजून घालतोस का.

नोमारवर तुझा जीव का जडला होता ते मला कळत नव्हतं असं नाही. प्रत्येक चेंडूआधी हातमोजे आवळायचे, सोडायचे, परत आवळायचे, बुटाची टोकं जमिनीवर आपटायची. आपल्या आजोबांनी संध्येला बसताना पळी-पंचपात्र जागच्या जागी ठेवावं तसं. सलग दोन वर्षं लीगमध्ये सगळ्यांत वरची सरासरी, १९९९ ला .३५७ आणि २००० ला .३७२. आणि सगळं स्टेडियम 'नोमाऽऽह' म्हणून ओरडायचं. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा म्हणालास, ही माणसं 'र' गिळतात, आपल्या शेजारच्या काकूंसारखी.

आपण नंबर शिकलो ते मुळात नाइलाजानं, आठवतंय? ७० नंबरची बस, मग रेड लाइन, मग ग्रीन लाइन करत पहिल्यांदा गेलो आणि तू घाबरून म्हणालास, 'अरे, ह्यांच्या पाठीवर नावंच नाहीत!' घरच्या पांढऱ्या जर्सीवर रेड सॉक्स अजूनही नाव लावत नाहीत. नुसता लाल आकडा. म्हणजे माणूस ओळखायचा तर आकडा पाठ हवा. आपण घरी येऊन फ्रिजवर यादी लावली आणि महिन्याभरात स्वतःचीच नावं विसरलो. तू पाच, मी एकोणपन्नास, मॅनीचा भक्त तो चोवीस, पेड्रोचा तो पंचेचाळीस. भाडं कुणी दिलं त्याच्या वहीतही तेच आकडे. घरमालकाला वाटायचं आपण काहीतरी जुगार खेळतो.

आणि उजवीकडच्या छताखाली टांगलेले ते निवृत्त आकडे, मोठ्या खेळाडूंचे, पुन्हा कुणाला न द्यायचे. पूर्वी ते ९, ४, १, ८ अशा क्रमानं होते. लोक ते ९/४/१८ असं वाचायचे, म्हणजे आपण तोवर शेवटच्या जिंकलेल्या १९१८ च्या वर्ल्ड सिरीजचा आदला दिवस, म्हणून संघाला शाप लागला. पुढे ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावले. ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी झोपेतही हूं म्हणायचो. परवा तीच मी छोट्याला सांगितली. टेड विल्यम्सचा लांब पडलेला चेंडू जिथं आदळला ती लाल खुर्चीही दाखवली, ४२ वा विभाग, ३७ वी रांग, २१ वी जागा. त्यानं विचारलं, 'पाचकाका इथं बसलेत?' मी सांगितलं, हाकलेपर्यंत बसले होते.

तुझं दुःख मी त्याच २००४ च्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा तुडवलं. यांकीजशी ०-३ ने मागे, आणि मग १७ तारखेपासून सलग आठ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज घेतली. ३१ नं, म्हणजे रॉबर्ट्सनं, चोरलेला तो एक बेस. माझ्या ४९ नं तिसऱ्या सामन्यात, सगळं हातातून गेलेलं असताना, चौथ्यातली स्वतःची पाळी सोडून चेंडू टाकले, बाकीच्यांचे हात वाचावेत म्हणून. तू ती एकच जर्सी अकरा दिवस न धुता घातलीस आणि चोवीसनं दाराशी उदबत्ती लावली. २७ तारखेला चंद्रग्रहण होतं, आणि शेवटचा बाद झालेला रेंटेरिया, त्याच्या पाठीवर ३. ज्याला यांकीजना विकल्यानं शाप लागला म्हणतात, त्या बेब रूथचा आकडा! रूथ बॉस्टनकडून खेळायचा तेव्हा जर्सीवर आकडेच नसायचे, तरी शाप संपताना ३ हजर होता. आपण चौघं जिन्यात ओरडत होतो. आणि मी तुला म्हणालो, 'बघ, मी सांगत नव्हतो?'

तू शांतपणे म्हणालास, 'आनंद झालाय रे. पण पाच इथं हवा होता.'

मी तेव्हा हसलो होतो. माफ कर.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. तू पुण्याला गेलास, त्यानंतर ६ जुलै २००९ ला नोमार ओकलंडच्या संघातून फेनवेवर आला. मी ऑफिसातून लवकर निघून एकटा गेलो. तो बॅट घेऊन आला आणि सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. परक्या संघाची जर्सी अंगावर, आणि लोक उभे. मी उभा राहिलो तो तुझ्यासाठी म्हणून, पण दोन मिनिटांनी कळलं की मी माझ्यासाठीच टाळ्या वाजवतोय. घरी येऊन फोन उचलला आणि ठेवला. तू म्हणाला असतास, आता? मला ते ऐकायचं नव्हतं.

छोट्याचं दुःख एवढंच नाही. त्याचे आकडे एकामागून एक गेलेत. पाच वर्षांचा होता तेव्हा ५० गेला, बेट्स. आठव्या वर्षी २ गेला, बोगार्ट्स. आता ११. बातमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ११ ची जर्सी घडी घालून, नीट, दान द्यायच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवली. रडला नाही. रडला असता तर बरं. ती मी काढून घेतली आणि तळघरातल्या ट्रंकेत ठेवली, तुझ्या ५ च्या शेजारी. हो, तुझी अजून माझ्याकडेच आहे. वाळवी नाही, कसर नाही, दर वर्षी डांबरगोळ्या बदलतो.

सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हर्सला ११ मिळाला नाही. तो कार्ल हबेलचा, १९४४ पासून निवृत्त आहे, नॅशनल लीगमधला पहिलाच. त्याला १६ मिळाला. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूलनं सचिनचा १० घातला तेव्हा तू मला फोनवर पाऊण तास सुनावलं होतंस, जसा मीच त्याला तो दिला होता. मी म्हणत होतो, आकडा काय कुणाच्या बापाचा आहे? तू म्हणालास, बापाचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. नंतर त्यानं ५४ घेतला. हबेलचा हा आकडा बघून मला तुझं म्हणणं पटलं. ज्यांनी हबेलला खेळताना पाहिलं त्यातलं आज कोण राहिलंय, पण आकडा जपलाय. छोट्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'मग आपल्या ११ चं कुणी का नाही जपलं?'

शनिवारी तर कमालच झाली. वेळापत्रकच असं, की आठवडा उलटायच्या आत आपलाच संघ सॅन फ्रान्सिस्कोत. १६ नं आपल्याविरुद्ध होम रन मारला, आणि आपण ३-२ ने हरलो. मी दारातून बघत होतो. छोटा उठून उभा राहिला, टाळीसाठी दोन्ही हात वर आले, आणि त्याला मी दिसलो. हात तिथेच थांबले. मग त्यानं ते खिशात घातले.

तेव्हापासून मला झोप नाही, पाच. त्याला वाटतं, टाळी वाजवली असती तर मी रागावलो असतो. आणि का वाटू नये? मीच तर ते वाक्य म्हणालो होतो.

तुझ्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं? बिल्डर अजून तारखाच देतोय का? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, त्यांना माझा नमस्कार. धाकटीचा दहावीचा निकाल हिनं वहिनींच्या स्टेटसवर पाहिला, तिचं मनापासून अभिनंदन, पेढे माझ्याकडून घेऊन दे.

येत्या रविवारी तुझ्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, फोन कर. मला नको, छोट्याला. २००९ चं मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. काल रात्री गादीवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, 'नोमार गेल्यावर पाचकाका शिकागोचे सामने बघायचे का?' मला उत्तर देता आलं नाही. त्या ऑगस्टमध्ये तू रात्री लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसायचास, आणि मी समजायचो घरी फोन करतोयस. खरं काय ते त्याला सांग. बघायचास का?

तुझाच,
एकोणपन्नास