ताशी फळ्यावर नुसती तूट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पगारवाढीचे करार झाले की कारखान्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'एवढे पैसे वाढवले, तरी माणसे मन लावून काम करत नाहीत.' पगार तुटपुंजा असेल, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत नसेल, तर आधी ते निस्तरावे. पण पगार रास्त झाला की कामाची ओढ आपसूक येईल, ही अपेक्षा फोल आहे. पगाराने नाराजी कमी होते, गोडी लागते ती कामातूनच, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात ठोकळ्यांच्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळालेल्या विद्यार्थ्यांचा रस पैसे थांबताच ओसरला. शाबासकीने मात्र तो ओसरला नाही. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी तीन गरजा सांगितल्या: कामात आपला शब्द असणे, काम जमते आहे हे कळणे आणि सोबतच्यांनी आपल्याला आपले मानणे.

लाइनवरचा ताशी उत्पादनाचा फळा पाहा. टार्गेट ६०, झाले ५२, आणि ८ ची तूट लाल अक्षरांत. कारणाचा रकाना नसतोच. असला तर सुपरवायझर भरतो. मग ऑपरेटर शहाणा होतो. चांगल्या तासातले चार नग बाजूला ठेवतो आणि अडचणीच्या तासात दाखवतो. फळा छान दिसतो, खरी अडचण दडून राहते. कारण ऑपरेटरनेच लिहावे: टूल तुटले, माल आला नाही, हवेचा दाब कमी. त्याच ओळीत मेंटेनन्स किंवा स्टोअरच्या माणसाने वेळ टाकून सही करावी. ही जागा दोन-चार दिवस कोरी राहिली की कारणे लिहिणे बंद पडते, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरने ती रोज स्वतः बघावी.

रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या नगांचा, अहवाल दुसऱ्या दिवशी येतो. तोवर मशिनवर दुसराच माणूस असतो. चुकले काय, हे चुकणाऱ्याला कळतच नाही. गो-नोगो गेज, म्हणजे नग मापात आहे की नाही हे लगेच दाखवणारे साधन, ऑपरेटरच्या हाताशी असावे, ठरावीक नगांमागे एक, समजा पंचवीसमागे एक, त्याने स्वतः तपासावा आणि गेज अडले तर मशिन थांबवावे. हा अधिकार कागदावर बऱ्याच ठिकाणी आहे. पण मशिन थांबवल्यावर संध्याकाळी पहिला प्रश्न 'नग कमी का?' असा आला, की तो तिथेच संपतो.

सूचनापेटीबद्दल एवढेच: नाकारलेल्या सूचनेलाही आठवड्याच्या आत कारणासह उत्तर द्यावे. 'विचाराधीन' हे उत्तर नव्हे.

तिसऱ्या गरजेची, म्हणजे आपले मानण्याची, तर दैनाच आहे. कायम आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर शेजारी उभे, पण गणवेशाचा रंग वेगळा, कॅन्टीनची वेळ वेगळी आणि पाळी बदलताना निरोप फक्त कायमवाल्याला. 'ए हेल्पर' अशी हाक ऐकणारा मुलगा मशिनचा आवाज बदललेला ऐकूनही गप्प बसतो. सांगून काय मिळणार? पाळीबदलाच्या दहा मिनिटांत त्यालाही उभे करावे, नावाने विचारावे.

राहिला गेटजवळचा 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' हा फोटो. निवड कशावरून झाली हे बाकीच्यांना सांगता येत नसेल, तर तो उतरवलेला बरा.

आपला,
एक औद्योगिक प्रशिक्षक, चिंचवड