‘टॅम्पोपो’ नाशिकमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुझो इतामी या जपानी दिग्दर्शकाचा ‘टॅम्पोपो’ हा १९८५ सालचा विनोदी चित्रपट आमच्या ओळखीच्या मंडळींत एकाने दुसऱ्याला सांगत पसरला. आता भेटलो की त्याच्याशिवाय दुसरा विषय निघत नाही. सातपूरला माझं मिसळीचं लहानसं दुकान आहे, त्यामुळे मला तो जरा जास्तच लागला.

टॅम्पोपो ही विधवा बाई. पदरी शाळकरी मुलगा, आणि पोटापाण्याला रामेनचं, म्हणजे सूपमधल्या जपानी नूडल्सचं दुकान. कष्टाळू आहे, पण हाताला चव नाही. गोरो नावाचा ट्रक ड्रायव्हर हे तिला तोंडावर सांगतो. ती रुसून बसत नाही, त्यालाच म्हणते, मला शिकवा. मग धावण्याचा सराव, जड पातेली उचलणं, दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन त्यांचं काम न्याहाळणं. शेवटी तिला शिकवणारे सगळे पारखी समोर बसतात, ती रामेन वाढते आणि नुसती बघत राहते. वाडगे तोंडाला लावून ते सूपचा शेवटचा थेंब संपवतात तेव्हा तिचा चेहरा बघावा! इतामींच्या पत्नी नोबुको मियामोतो यांनी ही भूमिका केली आहे. मीही परत आलेल्या वाट्या बघते. कांदा-खोबरं कमी भाजलं गेलं किंवा काळा मसाला घाईत पडला, की तर्रीखालचा रस्सा तसाच उरतो. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पैसे देऊन निघून जातं.

मधेमधे मूळ गोष्ट सोडून चित्रपट भलतीकडेच जातो, आणि आमची भांडणं त्यावरूनच होतात. कुणाला रामेन कसं खावं हे शिकवणारे म्हातारबुवा आवडतात. ते वाडग्यातल्या मांसाच्या कापाला चॉपस्टिकने हलकेच स्पर्श करून आधी बाजूला ठेवतात. कुणाला स्पॅगेटीचा आवाज न करता खाण्याचा वर्ग आवडतो. शेजारच्या टेबलावरचा परदेशी पाहुणा जोरात भुरके मारतो आणि साऱ्या मुली त्याचंच अनुकरण करतात. आमच्यातल्या माळकरी काकूंना मांसाचे प्रसंग बघवले नाहीत, तरी त्या उठल्या नाहीत. मरणाच्या दारातली आई नवऱ्याच्या हाकेने उठते, भात परतते, सगळ्यांना वाढते आणि जाते. बाप रडणाऱ्या मुलांना ओरडून सांगतो, गरम आहे तोवर खा, आईच्या हातचं शेवटचं आहे. तिथे काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

हा चित्रपट आम्ही मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहिला. त्र्यंबकेश्वरला १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. त्यांच्या जिल्ह्यात असा चित्रपट चारचौघांत बसून बघता यावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. कुसुमाग्रज स्मारक किंवा कालिदास कलामंदिरात एखाद्या संस्थेने खेळ लावावा. उपशीर्षकं मराठीत करून द्यायला आमच्यातले काही जण तयार आहेत. काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत, तेव्हा जाहिरातीत तसं स्पष्ट लिहावं. फक्त खेळ रविवारी सकाळी ठेवू नये. त्या वेळी मिसळीच्या दुकानांपुढे रांगा असतात, आणि आम्हा दुकानदारांना गल्ला सोडून येता येत नाही.

आपली,
एक मिसळ व्यावसायिक,
सातपूर, नाशिक