पिळलेल्या बोटाचा आकडा

संपादक महोदय, नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला हिमोग्लोबिन मीटरवरचा लेख वाचला. टोचा, थेंब घ्या, मिनिटभरात आकडा बघा, लॅबचा हेलपाटा वाचला! इतकं सोपं असतं तर गेल्या महिन्यात मला रक्तदान शिबिरातून परत पाठवलं नसतं. सकाळची वेळ, माझे हात गारठलेले, टोचलं तरी रक्त येईना, मग त्या पोराने माझं बोट ओला पंचा पिळावा तसं पिळलं, जे काय आलं ते क्युवेटमधे, म्हणजे मशीनमधे घालायच्या त्या छोट्या पट्टीत, घेतलं आणि मशीन म्हणालं ११.९. "काका, तुम्हाला अ‍ॅनिमिया आहे, दाखवून घ्या." चारचौघात! दुसऱ्या दिवशी लॅबमधे शिरेतून रक्त दिलं, १३.८.

बोट दाबलं की रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणीही येतं आणि थेंब पातळ होतो. हात आधी गरम करा, पहिला थेंब पुसून टाका, नंतरचा आपोआप येऊ द्या, क्युवेटमधे बुडबुडा नको, क्युवेटच्या डब्याचं झाकण उघडं ठेवू नका. यातलं एक वाक्य अख्ख्या लेखात नाही. मशीनचे फोटो मात्र भरपूर.

साहलीच्या पद्धतीला, म्हणजे नळीत रक्तात आम्ल घालून हिमोग्लोबिनचा रंग काचेशी जुळवायच्या जुन्या पद्धतीला, तुमच्या लेखकाने म्युझियममधे पाठवलंय. मान्य, आम्ल घातल्यावर १० मिनिटं थांबायचं असतं आणि घाईवाले ५ मिनिटांत वाचून हिमोग्लोबिन कमी दाखवतात, शिवाय तपकिरी काचेशी रंग जुळला की नाही हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. पण पिळलेलं रक्त साहलीच्या नळीत घाला नाहीतर महागड्या मशीनमधे, पातळ ते पातळच, मशीन फक्त तो चुकीचा आकडा दशांशासकट दाखवतं म्हणून लोकांना खरा वाटतो.

आणि हो, चौकटीत बायकांसाठी "किमान १२ ग्रॅम प्रति लिटर" छापलंय. डेसिलिटर हो, डेसिलिटर! लिटरला म्हणायचं तर १२०. लिटरला १२ असलेली बाई तुमची चौकट वाचायला शुद्धीवर तरी असेल का? मोठ्ठा फोटो तर चक्क साखर तपासायच्या ग्लुकोमीटरचा आहे, आमच्या आईकडे तस्सा आहे, तिनेच पहिल्यांदा ओळखला.

दुरुस्ती पहिल्या पानावर नका छापू, पण निदान त्याच पुरवणीत, दिसेल अशा अक्षरात छापा.

आपला,
११.९ वाला एक वाचक