बॅटरी मोजायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही "आभार कसले, शेजारी राहतो ने आपण" म्हणून विषयच मिटवलात, आणि समोरासमोर मलाही पुढे बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय त्याला कारण आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेऊन हातात धरायचा गेम कन्सोल घरी बनवणारी मुलं हल्ली बरीच दिसतात, आणि बॅटरी किती उरली हे दाखवायची वेळ आली की बहुतेक जण अडतात. तुम्ही आमच्या मुलाला जे समजावलंत ते त्यांच्याही हाती लागावं असं मनापासून वाटतं.

त्याचा कन्सोल तुम्ही आतून बाहेरून पाहिलाय, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. पाय झीरो टू डब्ल्यू, लहान स्क्रीन, जुने गेम चालवायला रेट्रोपाय, १८६५० मापाचा एक लिथियम-आयन सेल, तो चार्ज करायला टीपी४०५६ चं मॉड्यूल आणि सेलच्या व्होल्टेजचे ५ व्होल्ट करणारा बूस्टर. चालायचा उत्तम, पण खेळता खेळता स्क्रीन एकदम काळा व्हायचा. आधी काही सूचना नाही. पायची वीज अशी मध्येच गेली की मेमरी कार्डावर चाललेलं लिखाण अर्धवट राहतं. तसंच होऊन एकदा कार्डच बिघडलं आणि त्याने जपून ठेवलेले सगळे गेम गेले. त्या रात्री तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कन्सोल घेऊन तुमच्या दारात उभा राहिला.

तुम्ही त्याला पहिला प्रश्न विचारलात, "मोजणार कुठे?" उत्तर सांगितलं नाहीत. मीटर त्याच्या हातात दिलात आणि बूस्टरच्या बाहेरच्या टोकांवर लावायला सांगितलंत. भरलेला सेल घातला, ५ व्होल्ट. उतरलेला सेल घातला, तरी ५ व्होल्ट. सेलमध्ये काही असो, पुढे ५ व्होल्टच द्यायचे हे बूस्टरचं कामच आहे, त्यामुळे त्याच्या पुढे मोजून सेलची तब्येत कधीच कळणार नाही. मोजायचं ते बूस्टरच्या अलीकडे. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असेल, पण दोन्ही वेळा तोच आकडा बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ओळीने झालं नसतं.

पुढची अडचण पायचीच. त्याच्या पिनांना वीज आहे किंवा नाही एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. त्यासाठी एडीएस१११५ ची छोटी पट्टी घेतली. ती व्होल्टेजचा आकडा करते आणि आय-टू-सी नावाच्या पद्धतीने दोन तारांवरून पायला सांगते. ती ५ व्होल्टवर न लावता ३.३ वर लावायची हे तुम्ही दोनदा बजावलंत. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत, आणि त्या पट्टीवरचे रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारे छोटे भाग, दोन्ही तारा तिच्या स्वतःच्या पुरवठ्याकडे ओढून धरतात. म्हणजे पट्टीला ५ दिले की तेच ५ पायच्या पिनांकडे निघाले.

सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३.३ वर चालणाऱ्या पट्टीला तेवढं थेट देता येत नाही. म्हणून एकाखाली एक असे दोन रेझिस्टर, प्रत्येकी १०० किलो-ओहम, आणि मधल्या सांध्यावरून माप. ४.२ चे २.१ होतात, आणि या जोडीतून सेलचा प्रवाह जातो जेमतेम २१ मायक्रोअँपिअर. तुमचा तो रेझिस्टरचा पत्र्याचा डबा काढलात, त्यातले एकेक मोजायला लावलेत आणि सर्वांत जुळणारे दोन निवडलेत. मुलाला वाटलं, १०० लिहिलंय म्हणजे १००. पण सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडे तिकडे, हे त्याने स्वतःच्या हाताने मोजून पाहिलं. एवढं करूनही मीटर ३.९४ दाखवत होता आणि स्क्रीन ३.९१, कारण ती पट्टीही मोजताना थोडा प्रवाह ओढते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोनाने गुणू नकोस, मीटर सांगतो त्याने गुण." प्रोग्राममधला तो गुणक आज आमच्या कन्सोलचा स्वतःचा आहे.

तारेचं सांगायलाच हवं, कारण हे मला कुठेही वाचायला मिळालं नव्हतं. बूस्टरकडे जाणाऱ्या तारेच्या शेवटाला मोजलं तर त्या तारेत प्रवाहामुळे होणारी घटही मापात येते. म्हणून स्विचच्या बाहेर निघणाऱ्या टोकावरून एक वेगळी, केसासारखी बारीक तार फक्त मोजण्यासाठी. स्विचच्या अलीकडून घेतली असती तर कन्सोल बंद असतानाही, वीज नसलेल्या पट्टीवर व्होल्टेज येत राहिलं असतं. ऋण बाजूची तार मात्र जाड आणि आखूड. तो बारीक तारेचा जोड मुलाने सोल्डर केला तेव्हा वर राखाडी, दाणेदार दिसत होता. तुम्ही भिंग दिलंत आणि नुसतं "बघ" म्हणालात. त्याने पुन्हा फ्लक्स लावला, आयर्नचं टोक पुसलं, आधी तार तापवली आणि मग शिसं सोडलं. ते चकाकत तारेभोवती पसरलं.

आणि मग तो तक्ता. सेल गच्च भरला, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवला, तोच गेम चालू ठेवला आणि दर मिनिटाला व्होल्टेज फाइलमध्ये लिहून घेतलं. सेलवर भार पडला की आकडा खाली बसतो हे तेव्हाच दिसलं. नुसता चालू असताना ३.९०, गेम सुरू होताच ३.७८. सुरुवातीची घसरण झाली आणि मग ३.८ ते ३.६ च्या दरम्यान आकडा इतका रेंगाळला की मुलाला वाटलं प्रोग्राम अडकला. ४.२ ते ३.० असा सरळ हिशेब धरला तर ३.६ ला निम्मी बॅटरी उरायला हवी. आमच्या तक्त्यात तिथे जेमतेम तिसरा हिस्सा वेळ उरला होता. शेवटचा टप्पा बघायला तुम्ही गुडघे दुखत असतानाही जिना चढून वर आलात. ३.४ च्या खाली आकडा भराभर उतरू लागला, मुलगा मोठ्याने वाचत होता आणि तुम्ही घड्याळ धरून बसला होतात.

त्या तक्त्यावरूनच टक्के ठरले. एका मापावर भरवसा ठेवायचा नाही, अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्यायची. ३.४ ला कोपऱ्यात लाल खूण, ३.२ ला गेम जपून कन्सोल स्वतः नीट बंद. चार्जरच्या मॉड्यूलवरचं संरक्षण साधारण २.४ व्होल्टला सेलचा पुरवठा तोडतं, पण ते शेवटचं दार आहे, रोज तिथवर जायचं नाही. बंद झाल्यावर भार उतरतो आणि व्होल्टेज पुन्हा थोडं वर येतं, त्याला भुलून लगेच चालू करायचं नाही, हेही तुम्ही सांगितलंत. चार्जर लावलेला असतानाचा आकडाही चढा असतो, तोही मोजत नाही.

काका, या सगळ्यात एकदाही तुम्ही त्याच्या हातातून आयर्न घेतलं नाहीत. आयुष्यभर कारखान्यात मापनाची यंत्रं सांभाळलेल्या माणसाला हे काम तासाभराचं. ते तुम्ही त्याच्या वेगाने होऊ दिलंत. बडोद्यात कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची ती जुनी संस्था, म्हटलं की आपल्या घरांतून आदराने बोलतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, दादासाहेब फाळके तिथे शिकले. तुम्हीही तिथलेच. मुलांच्या हाताला कौशल्य यावं म्हणून महाराजांनी केलेल्या त्या खटपटीचा लाभ दांडिया बाजारातल्या आमच्या घरापर्यंत तुमच्यामुळे पोचला, असं मला अगदी खरं वाटतं.

त्याच्या वर्गातल्या एका मुलीलाही असाच कन्सोल करायचाय. तिला बूस्टरपाशी मीटर धरायला आता आमचाच मुलगा लावतोय, आणि तुमच्यासारखंच उत्तर न सांगता थांबतोय. दोघांना रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे पाठवू का? तक्त्याची छापील प्रत त्यांच्याबरोबर देते, तुम्ही मागितली होतीत. काकूंना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची