बाबा, तो दुसरा ईसीजी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने पाठवलेले फोटो मिळाले. दोन्ही ईसीजी आणि पोटॅशियम ७.१ आल्याचा रक्ताचा रिपोर्ट नीट बघितला. फोनवर बाबा, तुम्ही इतकं ठासून बोलत होतात की मला शब्द काढायला जागाच मिळाली नाही, म्हणून लिहितेय. पत्र वाचताना तरी मध्येच तोडता येणार नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिला ईसीजी बिघडलेला होता, इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने दुसरा काढला तो चांगला आला, म्हणजे विषय संपला. मग अपरात्री डायलिसिसला कशाला नेलं? घरी सोडायला हवं होतं, आई उगाच अडून बसली. आई अडून बसली हे फार बरं झालं.

ते पहिलं इंजेक्शन कॅल्शियम ग्लुकोनेटचं होतं. त्याने पोटॅशियम तसूभरही उतरत नाही. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाच्या पेशींमधला विजेचा व्यवहार बिघडतो, आणि कॅल्शियम तो तेवढ्यापुरता सावरतं. गुण एक ते तीन मिनिटांत दिसतो आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतो. रक्तातलं ७.१ तेव्हाही जिथल्या तिथेच होतं (साधारण ३.५ ते ५ असायला हवं). दुसरा ईसीजी चांगला आला तो कॅल्शियमचा होता बाबा, तुमचा नव्हे.

ही जोडी जुनी आहे. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले, त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम एकमेकांच्या विरुद्ध काम करतात हे दिसलं. रिंगर लॅक्टेट सलाईनला नाव त्यांचंच. आणि ऑपरेशनसाठी हृदय थांबवायचं असतं तेव्हा सर्जन आजही पोटॅशियमचंच द्रावण वापरतात. तुमच्या अंगात ते न मागता साठत होतं.

मग इन्सुलिन. ‘मला डायबेटिस नाही, मला इन्सुलिन कसं दिलं?’ म्हणून तुम्ही तिथल्या सिस्टरला फैलावर घेतलंत म्हणे. मीही सिस्टरच आहे, तेव्हा तिच्या बाजूने बोलते. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात. तुमची किडनी इन्सुलिनही सावकाश काढते, त्यामुळे त्याचा अंमल जास्त वेळ राहतो. म्हणून ती सारखी बोटाला टोचत होती. पण हेही फक्त आत सरकवणं झालं. चार-सहा तासांत ते परत बाहेर येतं. नॉर्मल माणसाचं ९० टक्के पोटॅशियम लघवीवाटे जातं. तुम्हाला तो रस्ता जवळपास बंद आहे, तेव्हा ते अंगाबाहेर काढायला मशीनच लागलं.

आता ईसीजीकडे या. जन्मभर नकाशे काढलेत, तेव्हा पट्टी घ्याच. कागदावरचा बारीक चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.०४ सेकंद. पहिल्या कागदावर व्ही२ ते व्ही४ (छातीवर लावलेल्या तारांच्या ओळी) बघा. मधल्या टोकदार भागानंतर येणारी ती लाट म्हणजे टी. एरवी ती बुटकी, ऐसपैस असते, एक बाजू सावकाश चढणारी. तुमची उंच आहे, पायाशी चिंचोळी, दोन्ही बाजू सारख्या, टोक बसलं तर टोचेल असं. त्याआधीची छोटी पी लाट शोधा, जेमतेम सापडेल. आणि मधला तो टोकदार भाग, म्हणजे क्यूआरएस, तीन बारीक चौकोनांच्या आत असायला हवा, तो मी मोजला तर साडेचार भरला. दुसऱ्या कागदावर तोच भाग मोजा, तीनच्या आत आहे. मध्ये फक्त कॅल्शियम गेलंय.

क्यूआरएस असाच रुंदावत गेला की तो आणि टी एकमेकांत मिसळतात, कागदावर नुसत्या मोठ्या लाटा उरतात. आयसीयूत ते मॉनिटरवर दिसलं की आम्ही धावतो, कारण त्यानंतर हृदय कधीही थांबू शकतं.

पुस्तकात हे सगळं ओळीने दिलेलं असतं: आधी टी, मग पी, मग क्यूआरएस. पेशंट मात्र पुस्तक वाचून आलेले नसतात. डायलिसिसवरच्या माणसाचं पोटॅशियम भरपूर वाढलेलं असूनही ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि एखाद्याचा मधल्या पायऱ्या गाळून थेट बिघडतो. पोटॅशियम किती भराभर वाढलं, रक्तात कॅल्शियम किती, आम्ल किती, यावर ते ठरतं. म्हणून ईसीजी बिघडला तर घाई करायची, पण चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ‘लॅबवाल्यांनी घोळ घातला असेल’ हा तुमचा दुसरा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या किंवा मूठ फार आवळली की आकडा खोटा वाढतो. पण तेव्हा पुन्हा तपासायचं असतं, घरी जायचं नसतं. शिवाय तुमच्या ईसीजीने लॅबची बाजू घेतलीय.

शुक्रवारचं डायलिसिस तुम्ही चुकवलंत त्यावर मी काही बोलत नाही, आई बोललीच असेल. एवढंच की तुमच्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार हीच मोठी फट, आणि डायलिसिसच्या पेशंटना सगळ्यात जास्त धोका त्याच फटीच्या शेवटी असतो. नेमकं तिथलंच चुकवलंत. कधी जमणारच नसेल तर युनिटला आधी फोन करून दुसरी वेळ मागायची.

आई, हे तुझ्यासाठी. बीपीसाठी म्हणून तू जे कमी सोडियमचं मीठ आणलंस ना, त्याचं पाकीट उलटून वाच. पोटॅशियम क्लोराईड लिहिलेलं असेल तर ते बाबांच्या जेवणात एक चिमूटही नको. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, पण त्या आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना यादी दाखव. पोट साफ होत नसेल तर तेही सांग. किडनी काम करत नसताना आतड्यांवाटे जास्त पोटॅशियम जातं, ती वाट तुंबायला नको.

आणि मेटोप्रोलॉल चालू आहे म्हणून रोज सकाळी नाडी मोज. ही गोळी ठोके हळू करते, पोटॅशियमही तेच करतं, आणि दोन्ही एकत्र आले की नाडी फार उतरते, किडनीला रक्त कमी मिळतं, पोटॅशियम आणखी चढतं. नाडी ५० च्या खाली, पायांत जोर नाही, उभं राहिल्यावर अंधारी, यातलं काहीही दिसलं तर मला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल. काही वेळा यातलं काहीच होत नाही, म्हणून रक्ताची तारीख चुकवायची नाही.

दोन्ही ईसीजींच्या झेरॉक्स काढून फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. मूळ कागद उन्हात ठेवू नका, उष्णतेने काळे पडतात. पुढच्या वेळी जो कोणी डॉक्टर असेल त्याला ताडून बघायला हे हवेत. सोमवारी मशीनला लावायच्या आधीचं पोटॅशियम किती आलं ते मला कळवा, आणि बाबा, क्यूआरएस तुम्ही स्वतः मोजून किती भरला तेही.

तुमची,
धाकटी